मण्याचे तापमान आणि कपॅसिटरचे तापमान : सौरपंप नियंत्रकाच्या एका फेरचाचणीचा प्रकरण अभ्यास

हिंगणा एमआयडीसीतील आमच्या छोट्या चाचणी प्रयोगशाळेने सौर कृषिपंपाच्या एका नियंत्रकाचा उष्णता-चाचणी अहवाल दिला होता. त्यावर माझी सही होती, आणि तो अहवाल चुकीचा निघाला. तापमान नोंदवणारा लॉगर बिघडलेला नव्हता, कॅलिब्रेशनचे प्रमाणपत्र मुदतीत होते, चेंबर ठरल्याप्रमाणे ५० अंश सेल्सिअसवर तासन्‌तास स्थिर होते. तरीही ज्या कपॅसिटरचे तापमान आम्ही ७६ अंश म्हणून नोंदवले, त्याचे खरे तापमान ८९ अंशांच्या घरात होते. मधले तेरा अंश थर्मोकपल, म्हणजे तापमान मोजणारी दोन धातूंच्या तारांची जोडी, चिकटवण्याच्या पद्धतीत गेले. ते कसे गेले, आमच्या लक्षात कसे आले आणि पुढे आम्ही काय बदलले, त्याची ही नोंद आहे. ग्राहकाचे नाव अर्थातच दिलेले नाही.

नियंत्रक तीन अश्वशक्तीच्या पंपाचा होता. सौर पॅनेलकडून येणारी तीनशेहून अधिक व्होल्टची एकदिश वीज आत घ्यायची, इंडक्टर (तांब्याच्या तारेचे वेटोळे) आणि कपॅसिटरच्या साह्याने ती सावरायची आणि आयजीबीटी, म्हणजे वीज वेगाने चालू-बंद करणारे इलेक्ट्रॉनिक स्विच, यांच्या मदतीने तिची तीन फेजची प्रत्यावर्ती वीज करून मोटारीला द्यायची, असे त्याचे काम. पेटी धातूची आणि पूर्ण बंद, कारण शेतात धूळही असते आणि पाऊसही. आत पंखा नाही, मागच्या बाजूला उष्णता बाहेर टाकणाऱ्या हीटसिंकचे पंख. काटोल-नरखेडकडच्या संत्र्याच्या बागांत असे बरेच नियंत्रक लागले होते. आंबिया बहाराची फळे एप्रिल-मे महिन्यांत झाडावर असतात आणि त्या दिवसांत पाण्याचा ताण पडला की फळगळ सुरू होते, म्हणून नेमक्या सर्वांत तापलेल्या दुपारी पंप अखंड चालवावा लागतो. पहिला उन्हाळा बहुतेकांनी काढला. दुसऱ्या उन्हाळ्यात, नवतपा लागण्याच्याही आधी, नियंत्रक परत येऊ लागले. ग्राहकाने त्यांतले तीन आमच्या टेबलावर आणून ठेवले. तिघांच्याही आतले मोठे इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर माथ्यावर फुगलेले होते, आणि एकाच्या माथ्यावरची खाच फाटून तपकिरी डाग सर्किट बोर्डापर्यंत ओघळला होता.

ग्राहकाचा प्रश्न सरळ होता. कपॅसिटर ८५ अंशांपर्यंत चालणारा, तुमच्या अहवालात तापमान ७६. मग तो फुगला का? कपॅसिटरच निकृष्ट निघाला असे म्हणून पुरवठादाराकडे बोट दाखवणे सोपे होते आणि पहिले दोन दिवस आम्ही तेच म्हणत होतो. परंतु फुगलेले कपॅसिटर दोन वेगवेगळ्या खेपांतले होते आणि त्याच खेपांतले कपॅसिटर ग्राहकाच्या दुसऱ्या, थंड चालणाऱ्या उत्पादनात व्यवस्थित टिकले होते, हे कळल्यावर मूळ अहवालाचे कागद आणि छायाचित्रे काढून बसण्यावाचून गत्यंतर उरले नाही.

छायाचित्रांत सर्व काही स्पष्ट दिसत होते; फक्त पूर्वी ते कुणी त्या दृष्टीने पाहिले नव्हते. के प्रकारचे थर्मोकपल, २४ गेजची तार, म्हणजे प्रत्येक तारेचा व्यास अर्धा मिलिमीटर आणि त्यावर टेफ्लॉनचे आवरण. दोन्ही तारांची टोके पकडीने पीळ देऊन जोडलेली. तो पीळ कपॅसिटरच्या बाजूला, त्याच्या काळ्या प्लॅस्टिकच्या वेष्टनावर ठेवून वरून कॅप्टॉन टेपचा, म्हणजे आमच्या बोलीत पिवळ्या टेपचा, एक तुकडा. तिथून तार काटकोनात उठून पेटीच्या आतल्या हवेत तरंगत छिद्रातून बाहेर गेलेली. हे काम ज्यांनी केले ते आमच्याकडचे सर्वांत जुने तंत्रज्ञ. त्यांना छायाचित्र दाखवले तेव्हा ते म्हणाले, "टेप तर घट्टच लावला होता न जी, निघाला नाही शेवटपर्यंत." त्यांचे म्हणणे खरे होते. टेप निघाला असता तर आकडा एकदम घसरला असता आणि आम्हाला तेव्हाच कळले असते; टेप नीट राहिला म्हणूनच चूक स्थिर राहिली आणि विश्वासार्ह दिसली.

तरीही सुरुवातीला आम्ही संशय घेतला तो उपकरणांवर. थर्मोकपल तपासण्याची घरगुती पद्धत म्हणजे बर्फाचे पाणी आणि उकळते पाणी. बर्फ बारीक कुटून, त्यात जेमतेम बुडेल इतकेच पाणी घालून आणि ढवळून घेतल्यावर तारेने ०.४ अंश दाखवले. उकळत्या पाण्यात ९८.७. इथे एक बारकावा सांगितला पाहिजे, कारण आमच्याकडे येणारे नवे अभियंते हमखास या आकड्याला तार चुकल्याचा पुरावा समजतात : नागपूर समुद्रसपाटीपासून सुमारे ३१० मीटर उंचीवर आहे आणि इथे पाणी १०० नव्हे, साधारण ९९ अंशांना उकळते. म्हणजे तार निर्दोष होती. के प्रकारच्या सर्वसाधारण दर्जाच्या तारेला अडीच अंशांपर्यंतची सूट मानकातच असते, त्या मानाने ही तार चांगलीच होती.

गोंधळ वाढला, तो त्याच पातेल्यावर सुटला. तार तपासताना ती चांगली वीतभर पाण्यात होती. सहज म्हणून मी ती वर ओढत ओढत फक्त पीळ पाण्याला टेकेल अशी धरली. पाणी खदखदत होते, पिळाचे टोक त्यात होते आणि लॉगरवरचा आकडा ९० च्या खाली उतरला. वाफ लागत होती, हात हलत होता, त्यामुळे या आकड्याला प्रयोग म्हणता येणार नाही. पण त्या क्षणी टेबलाभोवतीच्या तिघांनाही एकच गोष्ट दिसली. कॅलिब्रेशनच्या वेळी जोड आणि त्यामागची तार एकाच तापमानात बुडालेली असते. कपॅसिटरवर टेपने चिकटवलेल्या तारेचा फक्त जोड गरम पृष्ठभागाला टेकलेला असतो आणि मागची सगळी तार थंड हवेत असते. प्रमाणपत्र तारेचे होते. जोडणीचे प्रमाणपत्र कुणीच दिलेले नव्हते.

दोन भिन्न धातूंच्या तारा जोडून त्यांच्या टोकांत तापमानाचा फरक ठेवला की विद्युतदाब निर्माण होतो, हे सेबेकने १८२१ मध्ये पाहिले. के प्रकारात, म्हणजे क्रोमेल आणि अ‍ॅल्युमेल या मिश्रधातूंच्या जोडीत, नेहमीच्या तापमानांना तो दर अंशामागे सुमारे ४१ मायक्रोव्होल्ट असतो. यातून लॉगरला कळते ते फक्त एवढेच : त्या जोडाचे, म्हणजे टोकाच्या मण्याचे तापमान काय आहे. मणी ज्याला टेकला आहे त्या वस्तूचे तापमान लॉगरला कळत नाही; मणी आणि वस्तू एकाच तापमानाला आहेत हे आपण गृहीत धरतो. आणि मण्याला एका बाजूने वस्तूकडून उष्णता मिळत असली तरी दुसऱ्या बाजूने तार तीच उष्णता हवेकडे ओढून नेत असते, जशी चहाच्या भांड्यातली पळी दांड्यापर्यंत तापत जाते. मिळण्याचा मार्ग जितका अडथळ्याचा आणि जाण्याचा मार्ग जितका मोकळा, तितका मणी वस्तूपेक्षा थंड राहणार.

आमच्या जोडणीत दोन्ही बाबी वाईट होत्या. उष्णता येण्याच्या मार्गात प्लॅस्टिकचे वेष्टन होते, ज्याची उष्णतावहनक्षमता धातूच्या मानाने नगण्य असते; त्यावर पिळाचा गोल भाग जेमतेम एका रेषेत टेकलेला आणि बाकी सगळीकडे टेपखाली अडकलेली हवा. उष्णता जाण्याच्या मार्गात अर्ध्या मिलिमीटरच्या दोन तारा. ३६ गेजच्या तारेचा व्यास ०.१२७ मिलिमीटर असतो, म्हणजे २४ गेजच्या बरोबर चौथा हिस्सा. पण उष्णता तारेच्या छेदातून वाहते आणि छेदाचे क्षेत्रफळ व्यासाच्या वर्गाने बदलते, त्यामुळे जाड तारेचा छेद बारीक तारेच्या सोळा पट भरतो. घरगुती विद्युत उपकरणांच्या आंतरराष्ट्रीय मानकात, म्हणजे आयईसी ६०३३५ मध्ये, तापमान मोजण्याच्या थर्मोकपलची तार ०.३ मिलिमीटरपेक्षा जाड नसावी असे स्पष्ट लिहिलेले आहे. पंपाचा नियंत्रक त्या मानकाखाली येत नाही, हे आमचे त्या वेळचे उत्तर होते. उत्तर कायद्याने बरोबर होते. उष्णतेला मात्र मानकाच्या व्याप्तीशी देणेघेणे नसते.

पिळाबद्दलही एक गोष्ट. पीळ दिलेल्या तारांत विद्युतदृष्ट्या जोड तिथे असतो, जिथे लॉगरकडून येताना तारा पहिल्यांदा एकमेकींना भिडतात, म्हणजे पिळाच्या मागच्या टोकाला. आमचा पीळ पाच-सहा मिलिमीटर लांब होता आणि त्याचे मागचे टोक पृष्ठभागापासून उचललेले होते. आम्ही मोजत होतो ते बऱ्याच अंशी टेपच्या कडेजवळच्या हवेचे तापमान.

इथपर्यंतचा सगळा तर्क पटण्यासारखा होता, पण तर्कावर अहवाल फिरवता येत नाही. आधी आम्ही जुनी मांडणी जशीच्या तशी पुन्हा उभी केली : तोच नमुना, तीच तार, तोच टेप, चेंबर ५० अंशांवर, पूर्ण भार. चार तासांनी कपॅसिटरचा आकडा ७६.४ वर स्थिरावला. जुना आकडा दशांशापर्यंत परत आला, हे पाहून ग्राहकाचे अभियंते म्हणाले की मग अहवाल बरोबरच होता. मोजणी पुन्हा तीच येते म्हणून ती खरी ठरत नाही, हे त्यांना समजावताना माझीच पंचाईत झाली, कारण वर्षानुवर्षे आम्हीही पुनरावृत्तीलाच पुरावा मानत आलो होतो.

मग आम्ही एक साधी युक्ती केली. त्याच मण्यावर त्याच जाडीची तारांची आणखी एक जोडी पिळून बसवली आणि तिची दुसरी टोके पेटीतल्या हवेत मोकळी सोडली. या जादा जोडीचा लॉगरशी काहीही संबंध नाही, विजेच्या दृष्टीने ती असून नसल्यासारखी. उष्णतेच्या दृष्टीने मात्र मण्यातून बाहेर जाणारा मार्ग दुप्पट झाला. जोडणी निर्दोष असती तर आकडा हलायला नको होता. आकडा ७६.४ वरून ७१.८ वर आला. पेटीच्या आतल्या हवेचे तापमान त्या जागी ६२ अंश होते.

या दोन आकड्यांवरून खरे तापमान काढता येते आणि ते गणित शाळेतले आहे. कपॅसिटरचा पृष्ठभाग हवेपेक्षा जितका गरम आहे ते अंतर 'क्ष' मानू. तारांची एक जोडी असताना मणी हवेपेक्षा १४.४ अंश गरम राहतो, दोन जोड्या असताना ९.८ अंश. उष्णता येण्याच्या मार्गातला अडथळा आणि तारेच्या एका जोडीची उष्णता नेण्याची क्षमता यांचा गुणाकार 'ग' मानला, तर पहिल्या स्थितीत क्ष = १४.४ (१ + ग) आणि दुसऱ्या स्थितीत क्ष = ९.८ (१ + २ग). सोडवल्यावर ग सुमारे ०.८८ आणि क्ष सुमारे २७ येतो. म्हणजे पृष्ठभाग ६२ अधिक २७, साधारण ८९ अंश. ग जवळजवळ एकच्या घरात असणे ही जोडणीची खरी लाज आहे, कारण त्याचा अर्थ असा की पृष्ठभाग आणि हवा यांच्यातल्या तापमानाच्या फरकापैकी जवळपास निम्मा फरक मण्यापर्यंत पोचण्याआधीच संपत होता.

गणिताने दिलेल्या आकड्याला आता प्रत्यक्ष जोडणीने दुजोरा हवा होता.

नवी जोडणी करायला एका बिंदूमागे अर्धा तास गेला. जुन्या पद्धतीत तेवढ्या वेळात आमचे दहा बिंदू लागत. ३६ गेजची तार केसापेक्षा जेमतेम जाड असते. चष्मा लावूनही ती टेबलावर सापडत नाही आणि सापडली तर चिमट्यात तुटते. तिचा जोड पीळ देऊन न करता वेल्ड केलेला घेतला, म्हणजे मणी तारेच्या दुपटी-तिपटीएवढाच लहान राहतो आणि जोड नेमका टोकाला असतो. कपॅसिटरच्या प्लॅस्टिक वेष्टनाला ब्लेडने चारेक मिलिमीटरची चौकोनी खिडकी पाडली, आतले अ‍ॅल्युमिनियम उघडे केले, आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसले. मणी धातूला टेकवून, दोन सेंटिमीटर मागे टेपच्या बारीक पट्टीने तार आधी दाबून घेतली, म्हणजे चिकटवताना मणी उचलला जात नाही. मग उष्णतावाहक इपॉक्सीचा टाचणीच्या डोक्याएवढा थेंब. इथे हात सैल सोडण्याचा मोह होतो. मोठा गोळा केला की तोच गोळा हवेशी उष्णता देवाणघेवाण करू लागतो आणि मणी धातूवरून तरंगून वर येतो. इपॉक्सी रात्रभर वाळू दिली. झटपट चिकटणारा गोंद आम्ही मुद्दाम टाळला, कारण साधा गोंद ८० अंशांच्या पुढे मऊ पडू लागतो आणि आमचे काम त्याच्याही वरचे होते.

इतकेही पुरत नाही. मण्यापासून निघालेली तार लगेच हवेत उचलू न देता कपॅसिटरच्या घेराभोवती, एकाच उंचीवर, अर्धा वेढा घालून टेपखाली नेली. घेराभर तापमान जवळजवळ सारखेच असते, त्यामुळे तार हवेत शिरण्याआधी स्वतःच कपॅसिटरच्या तापमानाला येते आणि मण्याकडून उष्णता ओढण्याचे तिला कारणच उरत नाही. सगळ्या बदलांमध्ये सर्वांत स्वस्त बदल हाच, आणि माझ्या मते सर्वांत गुणकारीही.

त्याच चेंबरमध्ये, त्याच भारावर, चार तासांनी आकडा आला ८८.६. तारांची जादा जोडी लावण्याची युक्ती इथेही केली. या वेळी आकडा ०.३ अंशाने घसरला. एवढी घसरण लॉगरच्या आणि तारेच्या स्वतःच्या अनिश्चिततेत विरून जाते.

एक इशारा इथे देणे भाग आहे. इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटरचा अ‍ॅल्युमिनियमचा डबा आतल्या द्रवातून ऋण टोकाशी जोडलेलाच समजावा. वेष्टन कापून मणी धातूला लावला म्हणजे थर्मोकपलची तार त्या सर्किटचाच भाग झाली. प्रत्येक वाहिनी एकमेकींपासून आणि भूमीपासून विलग असलेला, आणि त्या व्होल्टेजला पुरेसा पडेल असा लॉगर नसेल तर ही पद्धत वापरू नये. वेष्टनावर टेप लावण्याची आमची जुनी सवय आळसातून आलेली नव्हती. पूर्वीचा लॉगर विलग नव्हता आणि त्या काळी ती खबरदारीच होती. लॉगर बदलला, सवय राहिली.

बाकीच्या बिंदूंपैकी आयजीबीटीने वेगळाच त्रास दिला. त्याच्या मधल्या पायाशी, जो कलेक्टर असतो आणि आतून धातूच्या पाठीशी जोडलेला असतो, आम्ही मणी थेट लावून पाहिला, तेव्हा आकडा ९० आणि १०५ यांच्यामध्ये नाचू लागला. सेकंदाला हजारो वेळा चालू-बंद होणाऱ्या शेकडो व्होल्टच्या शेजारी अंशामागे ४१ मायक्रोव्होल्ट मोजायचे, तर हे व्हायचेच. असा आकडा उष्णतेचा की विजेच्या गोंगाटाचा, हे ओळखायची खूण सोपी आहे : वीज एकदम बंद करावी आणि त्या क्षणाकडे पाहावे. उष्णता उडी मारत नाही, ती वक्ररेषेने उतरते. आकड्याने वीज जाताच उडी मारली तर तेवढा भाग खोटा. आमच्या आलेखात सहा अंशांची उडी होती. शेवटी कॅप्टॉनचा एकच पातळ थर मध्ये ठेवून, वरून इपॉक्सी लावून आणि तारा एकमेकींत पिळून बाहेर काढल्यावर आकडा ९४ वर शांत झाला. जुन्या अहवालात हाच बिंदू ८८ होता आणि त्याखाली कॅप्टॉनचे दोन जाड थर होते.

इंडक्टरवर के प्रकारची तार वापरूच नये असे मी आता म्हणतो. अ‍ॅल्युमेल चुंबकीय असते आणि इंडक्टरच्या भोवतीच्या बदलत्या चुंबकीय क्षेत्रात तिच्यावर विसंबणे धोक्याचे. तांबे आणि कॉन्स्टंटनची टी प्रकारची तार तिथे बरी, जरी तिच्यातले तांबे उष्णता भरपूर वाहून नेते आणि त्यामुळे ती आणखी बारीक घ्यावी लागते. वेटोळ्याचे तापमान मात्र थर्मोकपलशिवायही कळते, कारण तांब्याचा रोध तापमानाबरोबर वाढतो. थंड असताना २७ अंशांना रोध ४२.० मिलिओहम होता, बंद केल्याबरोबर चार तारांच्या पद्धतीने मोजल्यावर ५३.८. तांब्यासाठीचा २३४.५ हा स्थिरांक घालून गणित केले की वेटोळ्याचे सरासरी तापमान सुमारे १००.५ अंश येते. पृष्ठभागावरच्या टी तारेने ९७ दाखवले होते. आतले वेटोळे बाहेरच्यापेक्षा गरम असणारच, तेव्हा दोन्ही आकडे एकमेकांशी सुसंगत होते.

थर्मल कॅमेऱ्याचाही प्रयत्न झाला, ग्राहकाच्या आग्रहाने. पेटी उघडली की आतली हवाच बदलते, म्हणून बंद पेटीच्या चाचणीत त्याचा उपयोग मर्यादित. पण एक दृश्य सांगण्याजोगे आहे. पडद्यावर कपॅसिटरचे माथे गडद निळे, थंडगार दिसत होते, आणि ग्राहकाच्या अभियंत्यांना ते आमच्या जुन्या अहवालाचे समर्थन वाटले. चकचकीत अ‍ॅल्युमिनियम स्वतः फारच कमी अवरक्त किरणे सोडते आणि आरशासारखी भोवतालची परावर्तित करते, त्यामुळे कॅमेऱ्याला तिथे खोलीचे छत दिसत असते. एका माथ्यावर कॅप्टॉनचा नखाएवढा तुकडा चिकटवला. काही क्षणांत त्या निळ्या वर्तुळाच्या मधोमध पिवळा चौकोन उमटला. धातू तेवढाच गरम होता; फक्त आता तो कॅमेऱ्याला दिसू लागला होता. दोन वेगवेगळ्या साधनांनी कमी तापमान दाखवले म्हणून आम्ही निश्चिंत झालो असतो, तर दोन वेगवेगळ्या चुका एकमेकींच्या साक्षीदार ठरल्या असत्या.

तेरा अंश म्हणजे किती, हे कपॅसिटरच्या आयुष्यात मोजावे लागते. इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटरच्या बाबतीत सर्वमान्य ठोकताळा असा की दर दहा अंश तापमान वाढले की आयुष्य निम्मे होते. या नियंत्रकातला कपॅसिटर ८५ अंशांना २००० तासांचा होता. आमच्या जुन्या आकड्याप्रमाणे, म्हणजे ७६ अंशांना, त्याचे आयुष्य सुमारे ३७०० तास भरते. ८९ अंशांना सुमारे १५००. कमाल तापमान वर्षभर नसते, ते उन्हाळ्यातल्या दुपारचेच असते, असा हिशोब धरून डिझाइन करणाऱ्याने ३७०० तास पुरेसे मानले आणि त्याच्या हातातल्या कागदावरून ते चूकही नव्हते. शिवाय ८९ हे डब्याच्या बाहेरचे तापमान. आतला गाभा त्याहून काही अंश वरच असतो. मे महिन्यात ४५ अंशांच्या वर जाणाऱ्या हवेत, उघड्यावर, उन्हाने तापलेली धातूची पेटी आमच्या चेंबरमधल्या ५० अंशांपेक्षा फार सुखात असते असेही नाही. चेंबरचा पंखा पेटीवर सतत वारा मारत असतो, जो काटोलच्या बागेत दुपारी दोन वाजता नसतो. फेरचाचणीत आम्ही पेटीभोवती जाळी आणि पुठ्ठ्याचा आडोसा करून तो वारा अडवला, तेव्हा कपॅसिटर आणखी दोन अंशांनी चढला. तो आकडा आम्ही अहवालात वेगळा दिला, मूळ तुलनेत मिसळला नाही.

ग्राहकाने दोन बदल केले. कपॅसिटर १०५ अंशांचा आणि ५००० तासांचा घेतला, आणि सर्किट बोर्डावर तो इंडक्टरच्या डोक्यावरून काढून पेटीच्या खालच्या कडेला नेला, कारण बंद पेटीत गरम हवा वर जमते आणि इंडक्टरची सगळी धग आतापर्यंत कपॅसिटरला लागत होती. नव्या मांडणीत, नव्या जोडणीने मोजलेले तापमान ८१ अंश आले. किमतीत फरक पडला, त्यावर वादही झाला. तो या नोंदीचा विषय नाही.

आमच्या बाजूचे काम जास्त कटकटीचे होते. जुना अहवाल लेखी मागे घ्यावा लागला आणि मागे घेण्याचे कारण 'थर्मोकपल जोडणीची सदोष पद्धत' असे स्पष्ट लिहिले. 'तांत्रिक कारणास्तव' असे लिहावे असे सुचवणारेही होते. २४ गेजच्या त्याच रिळातून कापलेल्या तारा त्या दोन वर्षांत आणखी कुठे कुठे वापरल्या गेल्या, ते नोंदवहीवरून काढले. सहा अहवाल निघाले. त्यांपैकी चारांत तारा मोठ्या हीटसिंकवर आणि ट्रान्सफॉर्मरच्या गाभ्यावर लावलेल्या होत्या. एवढ्या वस्तुमानाच्या धातूला एका तारेने फरक पडत नाही आणि तिथे मणी भोक पाडून आत बसवलेला होता, तेव्हा ते अहवाल तसेच ठेवले. उरलेल्या दोन ग्राहकांना फोन केला. एकाने नमुना परत पाठवला. दुसऱ्याने ते उत्पादनच बंद केले होते. तो म्हणाला की आता कशाला, पण कळवलेत ते बरे झाले.

प्रत्येक नव्या जोडणीवर आता तारांच्या जादा जोडीची चाचणी होते आणि आकडा अर्ध्या अंशापेक्षा जास्त घसरला तर तो बिंदू पुन्हा लावला जातो. मण्याचे छायाचित्र, भिंग लावून काढलेले, अहवालात जोडले जाते. तार चिकटवण्याची जबाबदारी त्याच जुन्या तंत्रज्ञांकडे आहे; बारीक तारेला ते अजून शिव्या देतात, पण त्यांच्या हातची तार तुटत नाही. २४ गेजचे रीळ कपाटात आहे. त्याच्यावर त्यांनी स्वतःच्या हाताने चिठ्ठी लावली आहे : 'फक्त चेंबरच्या हवेसाठी.'